बावीस चेंडू

सामना जिंकला तर भाचीला शहराच्या सॉफ्टबॉल संघात कॅचरची, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारीची, जागा मिळणार होती, आणि मामांना बहिणीच्या घरी वर्षभर ताठ मानेने जेवायला. हे हिशेब ठाऊक असूनही दोन्ही संघांनी पंच म्हणून मामांनाच उभं केलं. नेमलेला पंच तापाने फणफणला होता, आणि मामा स्वतःच्या सावलीलाही रेषेबाहेर पडू देत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती.

शेवटचा डाव, गुण बरोबरीत. समोरच्यांची एक मुलगी तिसऱ्या बेसवर. ती होमला, म्हणजे फलंदाजाच्या जागी, पोचली की गुण, आणि खेळ खलास. फेकलेला चेंडू मातीत आपटून कॅचर म्हणून बसलेल्या भाचीच्या बाजूला घरंगळला. तिने तोंडावरचा मास्क काढला आणि त्या मास्कनेच चेंडू जवळ ओढून घेतला. तिसऱ्या बेसवरची जागची हललीसुद्धा नाही. कोणी हूं की चूं केलं नाही.

मामांनी हात वर केला. काढलेल्या मास्कने चेंडू ओढला, म्हणून समोरच्यांना एक बेस पुढे. म्हणजे होम. म्हणजे सामना.

भाचीचे प्रशिक्षक नियमांचं पुस्तक नाचवत आले. कुणाचं काही बिघडलं नाही, कुणी धावलं नाही, मग दंड कसला, असं त्यांचं म्हणणं.

“बिघडलं का, असं पुस्तक विचारत नाही,” मामा म्हणाले. “मुद्दाम लावला का, एवढंच विचारतं.” आणि भाचीकडे वळले. “लावलास?”

चुकून लागला म्हणायला वाट मोकळी होती. प्रशिक्षक तर डोळ्यांनी तेच सुचवत होते.

“लावला,” ती म्हणाली. मग फक्त त्यांनाच ऐकू जाईल इतक्या हळू, “अंगणात तूच शिकवलंस ना, मामा. वाकायला नको म्हणून.”

मामांची कंबर जुनी दुखरी. सरावानंतर चेंडू ते मास्कनेच ओढून गोळा करायचे. पोरीने ते बघून बघून उचललं होतं.

मैदान रिकामं झालं. सरावाचे चेंडू कुंपणापर्यंत विखुरले होते. भाचीने मास्क पुढे केला. मामांनी तो घेतला नाही. कमरेवर एक हात दाबून ते पहिल्या चेंडूसाठी वाकले.

चेंडू बावीस होते. एकवीस वेळा मामा वाकले, भाची उभी राहून मोजत होती. बाविसाव्याला ती वाकली.