मोगरीचं दावं

"समदं वझं मागं घातलंस. गाडी उलाळ झालीया, दिसंना का तुला?"

"ही बैलगाडी न्हाय, तात्या. तुमी गप बसा."

जोतीराम गप बसला नाही. उंबऱ्यावरनं उठून अनवाणीच अंगणात आला आणि पोराच्या सायकलीच्या हँडलखाली एक बोट घातलं. नुसतं एक बोट. पुढचं चाक टीचभर वर उचललं आणि हवेतच फिरायला लागलं.

"चढाला ह्येच हुणार. तू बसशील, आन सायकल तुज्यावर बसंल."

सिद्धूच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सहा महिने तो या सायकलीवर खपत होता. तेलाचे कॅन कापून दोन्ही अंगांना पेट्या केल्या होत्या. स्पोकच्या जादा तारा दांडीला चिकटपट्टीनं बांधल्या होत्या. कळस या आपल्या गावापासून कन्याकुमारीपर्यंत, कुठल्या दिवशी कुठल्या देवळात पथारी टाकायची, सगळं वहीत होतं. कॅरेजला जाड गज मारून घ्यायला दोन दिवस बारामतीत मावशीकडं राहिला आणि तासाभरापूर्वीच घरी आला. आता फक्त निघायचं. इंदापूर, अकलूज, सांगोला, विजापूर आणि मग खाली खाली.

"तंबू म्होरं बांधतो. झालं समाधान?"

त्यानं मागची गाठोडी उपसली, तंबू हँडलवर ठेवला आणि जुन्या ट्यूबच्या पट्टीनं आवळला. पट्टी मधनंच तुटली. राग यायला तेवढंच पुरे होतं.

"आये, दोरी दे कसली तरी."

संजीवनी घरात गेली नाही. घराच्या मागं गेली आणि बऱ्याच वेळानं आली. हातात पिवळं नायलॉनचं दावं होतं. गळ्याला काचू नये म्हणून एका टोकाला तांबड्या साडीची चिंधी गुंडाळलेली. ती सिद्धूनंच गुंडाळली होती.

"ह्ये मोगरीचं हाय," सिद्धू म्हणाला.

"बांध की. मजबूत हाय."

"आन ती कशानं बांधलीया?"

संजीवनी तंबूभोवती दावं फिरवायला लागली. उजव्या हाताला तिला तीनच बोटं. चार वर्षांपूर्वी दोन बोटं कडबाकुट्टीत गेली, तेव्हापासून मोगरी गाईची धार सिद्धू काढायचा. सकाळ-संध्याकाळ, एक दिवस न चुकता. जोतीरामला ती कासेला हात लावू द्यायची नाही.

"आये, ती कशानं बांधलीया?"

सिद्धू पळतच मागं गेला.

खुंटा मोकळा होता. भोवती खुरांनी उकरलेली माती, ओलीच. गव्हाणीत मका तसाच पडलेला, टोकंसुद्धा खाल्लेली नव्हती. कडेला दुधाची बादली उपडी, पोटात मोठा पोचा आलेली. सगळं त्याला एकदम दिसलं आणि तरी काहीच कळेना.

वहीच्या शेवटच्या पानावर त्यानं लिहिलं होतं, 'धार: दीपक'. आणि त्यापुढं बरोबरची खूण केली होती.

तो परत अंगणात आला.

"दीपक काढणार हुता."

"चुलत्याचं पोरगं, त्यानं तरी किती लाथा खायाच्या," जोतीराम म्हणाला. त्याचा आवाज आता खाली आला होता. "पयल्या दिशी बादली उडवली. काल पान्हाच चोरला. कास दगडावानी झाली. रातभर हुबीच हुती, सिद्धू."

"कुणाला दिली?"

"बारामतीच्या पल्याड, कोऱ्हाळ्याच्या पावण्याला. सकाळी आठला टेंपो आला. चांगली मानसं हायत. धारंचं मशीन हाय त्यांच्याकडं."

"मशीनला पान्हा सोडंल व्हय ती?"

जोतीराम पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला.

"मी बारामतीत हुतो," सिद्धू म्हणाला. "कुठं लांब हुतो? मला फोन का न्हाय केला?"

संजीवनीनं तीन बोटांनी गाठ मारली, दातांनी आवळली आणि मग वर बघितलं.

"फोन केला आस्ता तर तू आला आस्तास."

कोपऱ्यावरनं उसाचा एक ट्रॅक्टर गेला, तो गेला तरी त्याच्या टेपवरचं गाणं मागं ऐकू येत राहिलं.

"जनावर इकलं तरी दावं घराबाहीर काढत न्हाईत," सिद्धू म्हणाला. "तूच सांगितलंस मला."

"व्हय. म्हनून तर त्यांच्यासंगं दिलं न्हाय."

"मग मला कसं देतीस?"

"दुसरी दोरी न्हाय घरात," ती म्हणाली आणि तंबू हलवून बघितला. "आता न्हाय सुटायचा."

सिद्धूनं गाठ सोडली. आईच्या दाताच्या ओलीनं ती घट्ट बसली होती, नखं लावून लावून सोडावी लागली. तंबू त्यानं ओट्यावर टाकला. एक पेटी उतरवली, मग दुसरी. स्टोव्ह, पंप, वही, सगळं ओट्यावर. दावं तेवढं खांद्यावरनं आडवं गळ्यात घातलं आणि रिकामी सायकल रस्त्यावर नेली. हँडल वळवलं.

"आरं, इंदापूर तिकडं हाय," जोतीराम मागनं म्हणाला. "ह्यो बारामतीचा रस्ता."

"ठावं हाय."

"सामान राहिलंय. कुठं चाललास?"

सिद्धूनं पायडलवर पाय ठेवला.

"पाचला तिची धार आसती, तात्या. मला आता निघाय पायजे."