सायकलवाल्याचा मुक्काम

सायकलवाला तिसरं ऑम्लेट संपवून चौथ्याची वाट बघत होता आणि लॉजवाली काउंटरमागून त्याच्या पोटऱ्यांकडे बघत होती. गुळगुळीत, तेल चोपडलेल्या. पुरुषमाणसाने पायांचे केस काढलेले तिने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिले होते, आणि नसते पाहिले तरी तिचं काही अडलं नसतं.

"आज माझा आरामाचा दिवस आहे, मावशी," तो म्हणाला. "शरीर काय म्हणतंय ते ऐकावं लागतं."

"सकाळपासून भूक लागली एवढंच म्हणतंय ते," ती म्हणाली.

मावशी म्हणे. फार तर दहा वर्षांनी लहान असेल तिच्यापेक्षा.

तो एकट्याने देश पालथा घालायला निघाला होता. काल संध्याकाळी आल्यापासून ही बातमी त्याने तिला दिली, शेजारच्या खोलीतल्या औषधविक्याला दिली, दूधवाल्याला तर सायकलवरून उतरवून दिली. आपण किती एकटे आहोत हे सांगायला त्याला सतत कोणीतरी लागत होतं.

आज ते कोणीतरी म्हणजे तिची मुलगी होती, आणि लॉजवाली तीच खिडकी पुन्हा पुन्हा पुसत होती ती त्यामुळेच.

मुलगी एरवी काउंटरवरून हलायची नाही. आलेल्या पाहुण्याला किल्ली द्यायची आणि पुन्हा खिडकीबाहेरच्या रस्त्याकडे बघत बसायची. आज मात्र ती अंगणात त्या सायकलपाशी उकिडवी बसून प्रश्नांवर प्रश्न विचारत होती. पंक्चर कसं काढायचं? चढावर गिअर कधी टाकायचा? आणि मग, "दादा, अनोळखी ठिकाणी एकट्याला भीती नाही वाटत?"

खिडकी पुसणाऱ्या लॉजवालीचा हात तिथेच थांबला.

मुलगी त्याला दादा म्हणत होती, पण त्यात लॉजवालीला काडीचाही दिलासा नव्हता. ती स्वतःसुद्धा पोरवयात गावोगाव शिलाई मशिनी विकणाऱ्या एका मशीनवाल्याला आधी दादाच म्हणायची. तो याच लॉजमध्ये उतरला होता, तेव्हा लॉज तिच्या वडिलांचा होता. चार गोड शब्द बोलला आणि ती नेसत्या कपड्यांनिशी त्याच्यामागे गेली. वर्षभरात कडेवर मूल घेऊन परत आली, एकटीच. बाप मरेपर्यंत तिच्याशी धड बोलला नाही. त्यानंतर तिने एकच गोष्ट मनाशी धरली होती, की आपल्या पोरीने असल्या कुणा उडाणटप्पूच्या नादाला लागायचं नाही.

आणि उडाणटप्पू तरी कसला! मशीनवाला निदान दिसायला बरा होता.

दुपारी मुलीने सायकलवाल्याच्या पिशव्या धुतल्या. घरातल्या चादरींच्या घड्या घालायला जिच्या जिवावर यायचं, ती त्याचं सामान विचारून विचारून नीट भरत होती. हे हत्यार कशाला, तंबू कुठल्या पिशवीत, पावसात कुठली पिशवी भिजत नाही. तो पायरीवर गुडघे चोळत बसला होता आणि राजासारखी उत्तरं देत होता. ऊन कलल्यावर त्याने सायकलची सीट तिच्यासाठी खाली करून दिली. ती कोपऱ्यापर्यंत जाऊन आली. त्याने टाळ्या वाजवल्या. उठण्याचे कष्ट मात्र घेतले नाहीत.

"उद्याचाही दिवस आरामच करीन म्हणतो," तो लॉजवालीला म्हणाला. "गुडघे बोलायला लागलेत."

"तेही बोलतात का?" ती म्हणाली. "उद्या खोली दुसऱ्यांना दिलीय. पहाटेच निघा तुम्ही, ऊन चढायच्या आत."

खोली कुणालाच दिली नव्हती. औषधविक्याही सकाळीच गेला होता, उभा लॉज ओस पडला होता.

"ठीक आहे, मावशी. पहाटे तर पहाटे."

मुलीने लगेच पिशव्या सायकलला बांधूनही टाकल्या. लॉजवालीला मग राहवेना. स्वयंपाकघरात मुलगी कांदा चिरायला बसली, तेव्हा तिने दार लोटून घेतलं.

"खरं सांग. या माणसाबरोबर पळून जायचं चाललंय तुझं?"

मुलीची सुरी थांबली. तिने आईकडे बघितलं आणि तिला हसू फुटलं.

"ह्याच्याबरोबर? आई, हा झोपेतसुद्धा स्वतःबद्दलच बोलत असेल."

"हसू नकोस. शपथ घे."

"तुझी शपथ. ह्याच्याबरोबर मी फाटकापर्यंतसुद्धा जाणार नाही."

लॉजवालीने तिच्या डोळ्यांत खोलवर बघितलं. पोरगी खोटं बोलत नव्हती. आपली पोर आपल्यासारखी मूर्ख निघाली नाही, या विचाराने तिला भरून आलं. जेवणं झाल्यावर मुलीने आपण होऊन तिच्या डोक्याला तेल लावून दिलं, अगदी सावकाश, मुळापर्यंत. कित्येक दिवसांत तिला अशी झोप लागली नव्हती.

पहाटे फाटकाची कडी वाजली. चाकांची करकर रस्त्याला लागली आणि विरून गेली. सुटलो, म्हणून लॉजवालीने कूस बदलली.

उजाडल्यावर तिने आधी अंगणात डोकावून खात्री करून घेतली. सायकल नव्हती. पिशव्या नव्हत्या. मुलीच्या खोलीचं दार बंद होतं, हाक मारली तरी ओ आली नाही. रडत बसली असेल थोडी, रडू दे. आपणही त्या वेळी रडून मोकळं व्हायला हवं होतं. तिने स्वतःपुरता चहा केला, चांगला दुप्पट साखर घालून, आणि उभ्याउभ्याच प्यायली.

मग झाडू आणि बादली घेऊन ती सायकलवाल्याची खोली झाडायला गेली. स्वारीने काय उकिरडा करून ठेवलाय कोण जाणे, असं पुटपुटत तिने कोपराने दार ढकललं.

पलंगावर सायकलवाला तोंड उघडं टाकून घोरत होता.