वैद्य सगळ्यात पुढे

आमच्या व्हिडिओ गेममधल्या टोळीने सासऱ्यांना सरदार निवडलं, तेव्हा कारखान्यातून निवृत्त झाल्यानंतर प्रथमच ते ताठ चालू लागले. आज पहिल्याच लढाईत, समोरून राक्षस येत असताना, त्यांनी वैद्यांनाच सगळ्यात पुढे उभं केलं. लेक झोपल्यावर मीही शेजारी लढायला बसले होते. वैद्य पटापट पडू लागले, किल्ल्याचं दार मोडायला आलं. इतरांना ऐकू जाऊ नये म्हणून मी आम्हा दोघांचे माईक बंद केले. “बाबा, जखमा बांधणारेच मेले तर बाकीच्यांना कोण उठवणार? ही काय मिरवणूक आहे?” “मग तूच हो सरदार!” त्यांनी हेडफोन काढला. मी तो पुन्हा त्यांच्या कानांवर चढवला. “तुमचा कारखान्यातला आवाज माझ्याकडे नाही. हुकूम तुम्हीच सोडा, अक्कल माझी घ्या.” त्यांनी माईक सुरू केला. “वैद्यांनो, मागे फिरा! चूक माझी. अक्कल आमच्या सूनबाईंची!”