मोरीतली मुलाखत

मुलाखत मोरीत होती, म्हणून वल्लरीने सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली. सगुणामावशी बाळाला पायांवर आडवं घेऊन तेल चोळत होत्या. मनगटांपुढचे त्यांचे दोन्ही हात यांत्रिक होते, आणि वल्लरीच्या तळहातांवर चिकटवलेल्या पट्ट्यांमुळे त्या बोटांना लागणारं सगळं तिलाही लागत होतं. तेलाचा बुळबुळीतपणा, इवल्या बरगड्या, त्यांखाली धडधडणारं काळीज. ती थक्क झाली. याच हातांनी मावशींनी अर्ध्या मिरजेची बाळं न्हाऊ घातली होती!

असे हात वापरणारी माणसं वर्गणी काढून दरवर्षी बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या एका विद्यार्थ्याची पदव्युत्तर शिक्षणाची फी भरत. निवडीचा मान यंदा मावशींचा होता.

"कुठं शिकणार, पोरी?"

म्युनिकला, कारण तिथे यांत्रिक बोटांचा वेग वाढवतात, हे उत्तर वल्लरीने घोटून ठेवलं होतं. ती तोंड उघडणार, तोच मावशी बादलीकडे वळल्या आणि पाणी किती गरम आहे ते त्यांनी कोपर बुडवून पाहिलं. वल्लरीने तळहातांवरच्या पट्ट्यांकडे पाहिलं. बाळ इतका वेळ मऊ लागत होतं. ऊबदार एकदाही लागलं नव्हतं.

"बंगळुरूला, मावशी," ती म्हणाली. "छोटीशी प्रयोगशाळा आहे, फारसं नाव नाही. पण गरम-गार कळणारी कातडी तिथेच बनवतायत."

मावशींनी बाळाला न्हाऊ घातलं, दुपट्यात गुंडाळलं. वल्लरीच्या तळहातांवरच्या पट्ट्या सोडवल्या आणि बाळ तिच्या हातांत दिलं.

"फी भरली समज. आता मला सांग, किती ऊबदार आहे गं ते?"