पिशवीचा नंबर

"'एक्सक्यूज मी, आर यू इन द क्यू?' असं विचारायचं, आई. लंडनात घुसाघुशी चालत नाही," शिरीष रोज चहाच्या वेळी घोकून घ्यायचा. मालनबाई उभ्या जन्मात कधी कुणाच्या पुढे घुसल्या नव्हत्या.

तो गाडी लावून येईपर्यंत त्या औषधांच्या दुकानात रांगेला लागल्या. गुडघा ठणकायला लागला, तशी पिशवी रांगेत ठेवून बाजूच्या बाकावर टेकल्या. सांगलीत नळावर कळशी ठेवली की नंबर पक्का. ती सरकवायची कुणाची बिशाद नव्हती.

इथे माणसं पिशवीपासून लांब सरकली. "हूज बॅग इज धिस?" एक बाई ओरडली. मालनबाईंनी हात वर केला. तेवढ्यात शिरीष ऑफिसातल्या साहेबाशी गप्पा मारत आत आला आणि रांगेच्या शेवटी उभा राहिला. साहेबाने त्यांच्या लुगड्याकडे बघून विचारलं, "डू यू नो हर?"

"नो." शिरीषने मान फिरवली.

एवढं इंग्रजी त्यांना आता कळत होतं. पिशवी उचलून त्या त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. अगदी त्याने शिकवलं तसंच म्हणाल्या, "एक्सक्यूज मी, आर यू इन द क्यू?"