मिठाचं पाणी

"मिठाचं पाणी आणि नाकात? त्यापेक्षा भाजीत घाल, तेवढीच चव येईल!" सुतारकाम करणाऱ्या सासऱ्यांनी स्प्रेची बाटली बघून नाक मुरडलं. लाकडाच्या भुशानं ते नाक कायम चोंदलेलं. वर्षानुवर्षं त्यांना कसलाच वास येत नव्हता. पण सुनेनं पिच्छा सोडला नाही. रोज सकाळी बाटली घेऊन समोर हजर!

महिन्याभरानं एकदा हातातला रंधा थांबवून ते अंगणातून ओरडले, "अगं, दूध लागलं वाटतं!"

सून स्वयंपाकघरात धावली. दूध खरंच लागलं होतं आणि सासूबाई पातेल्यापाशीच उभ्या होत्या.

"आई, गॅस बंद करा ना!"

"थांब गं," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "येऊ दे त्यांना अजून थोडा वास."