पूर्ण नाव

डबी हर्षालीलाच सापडली. पांझरेच्या काठी, जुन्या घाटाच्या पायरीलगत एक दगड सुटलेला होता. त्याच्या मागे हात घालून तिने ती ओढून काढली आणि हितेंद्रपुढे धरली. तिच्या आईशी, पुनमशी त्याचं लग्न झाल्यापासून या पोरीने आपणहून त्याच्या हातात काहीतरी देण्याची ही पहिलीच वेळ होती.

खेळ साधा होता. कुणीतरी शहरात डबी लपवायची, तिचा ठावठिकाणा इंटरनेटवर टाकायचा आणि बाकीच्यांनी फोनवरचा बाण बघत ती हुडकायची. सापडली की आतलं काहीतरी घ्यायचं, आपलं काहीतरी ठेवायचं. पुनमला रविवारी दवाखान्यात ड्यूटी असायची. पाचोऱ्याहून नव्याने धुळ्याला आलेल्या पोरांना घरात करमत नव्हतं, आणि फिरायला नेण्याइतका खिसा सैल नव्हता. मग हितेंद्रने हे शोधून काढलं. डब्यांच्या मागे मागे तिघांनी गल्ल्या पालथ्या घातल्या, देवपूर पाहिलं, नदीवरचे पूल पाहिले. धाकटा भावेश त्याला लगेच चिकटला. हर्षाली यायची, पण बोलायची कामापुरतं. हाक मारायची वेळ आलीच तर नुसतं ‘ऐका ना’ म्हणायची.

डबीत एक शिट्टी, गोट्या, केसांची क्लिप आणि चॉकलेटं होती.

“ऐका ना, क्लिप घेऊ?” तिने विचारलं. हितेंद्रला इतकं बरं वाटलं की वर कुणी येऊन उभं राहिलंय हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

“पोरे कोन्हा शेतस, भाऊ?”

घाटावरच्या गॅरेजचा मालक भाईदास पाना हातात घेऊनच खाली आला होता. मागोमाग आणखी दोघं उतरले. मुलं पळवणाऱ्या टोळीचा एक व्हिडिओ त्या आठवड्यात सगळ्यांच्या फोनवर फिरत होता. हितेंद्रनेही तो पाहिला होता.

“माझीच आहेत,” तो म्हणाला.

“मंग दगडंमा काय शोधी ऱ्हायना?”

“खेळ आहे हा. कुणीतरी डबी लपवून ठेवतं, मग आपण ती...” बोलता बोलता त्याचं त्यालाच ते खोटं वाटू लागलं.

भाईदासने त्याच्या हातातून डबी काढून घेतली आणि तिच्यात बोट घालून सगळ्यांना दाखवलं. “चॉकलेट शे, खेळणं शे. पोरेस्ले फूस लावानं सामान शे हाई.”

पायऱ्यांवर बघता बघता गर्दी झाली. कुणीतरी फोन वर धरून चित्रण सुरू केलं. कुणीतरी हितेंद्रची कॉलर धरली. भाजीची पाटी खाली ठेवून बेबाबाई नावाची एक म्हातारी पुढे झाली आणि तिने हर्षालीला जवळ घेतलं.

“घाबरू नको, माय. तुनं पूर्ण नाव सांग.”

हर्षालीने एकदा हितेंद्रकडे पाहिलं. मग शाळेत उभं राहून सांगतात तसं, स्पष्ट आवाजात म्हणाली, “हर्षाली अमृत पाटील.”

“आन तुम्हनं?” भाईदासने विचारलं.

“हितेंद्र तोताराम बोरसे.”

मागून कुणीतरी म्हणालं, “नाव बी जुळत नाही.”

बेबाबाईने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. “मंग हाऊ कोन शे तुना?”

हितेंद्र तिच्या ओठांकडे बघत होता. काहीही चाललं असतं. काका, मामा, कुठलाही एक शब्द. हर्षालीला तो शब्द सापडत नव्हता, हे त्याला दिसत होतं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

“आईसोबत राहतात,” ती म्हणाली.

पहिली चपराक कुणाची बसली ते त्याला कळलं नाही. चष्मा उडाला. भावेश रडत त्याच्या पायाला बिलगला, तर कुणीतरी त्याला उचलून बाजूला केलं. “पोऱ्याले सांभाळा,” असं कुणी म्हणत होतं. मायेनेच म्हणत होतं.

“पहिले तिन्या मायले फोन लावा,” बेबाबाई ओरडली, तेव्हा कुठे हात थांबले.

फोन स्पीकरवर टाकला. पुनम उचलायला वेळ लागला. “माझे मिस्टर आहेत ते,” ती म्हणाली. “काय झालं? पोरं कुठे आहेत? हॅलो, त्यांना द्या ना फोन.”

गर्दी जशी जमली तशीच पांगली. भाईदासने स्वतः चष्मा शोधून, बनियनला पुसून दिला. शर्टावरची धूळ झटकली. “वाईट वाटी लेवू नका, भाऊ. दिवस खराब शेतस. तुम्हनी पोरगी ऱ्हाती तर तुम्ही बी हाईच करतात.”

हितेंद्रने मान हलवली.

सगळे गेल्यावर त्याने सांडलेल्या गोट्या वेचल्या, डबीचं झाकण लावलं आणि ती दगडामागे होती तशी ठेवून दिली.

“मी खोटं नाही बोलले,” हर्षाली खाली बघत म्हणाली.

“नाही, बेटा.”

“त्यांनी पूर्ण नाव विचारलं होतं.”

“हो. बरोबरच सांगितलं तू.”

ती बाहीने डोळे पुसू लागली. हितेंद्रला तिच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला. पण वर गॅरेजच्या दारात अजून दोघं उभे राहून बघत होते. त्याने हात खिशात घातला.

रस्त्यावर आल्यावर भावेशने सवयीने बोट धरायला हात पुढे केला. हितेंद्रने तो हात हर्षालीच्या हातात दिला.

“तू धर याला. कडेकडेने चला. मी येतोच.”

पोरं पुढे निघाली. भावेश सारखा मागे वळून बघत होता. हितेंद्र त्यांच्यावर नजर ठेवून इतक्या अंतराने चालत होता, की बघणाऱ्याला वाटावं, त्याच वाटेने निघालेला कुणीतरी माणूस आहे.